गुन्ह्याचा अभ्यास आणि बिटावरचा शिपाई

गुन्हेगारीशास्त्र हा विषय आपल्याकडे बहुधा समाजशास्त्राच्या पदवी वर्गात एखाद्या पेपरापुरता शिकवला जातो. विद्यार्थी लोंब्रोसोचे नाव लक्षात ठेवतो, दुर्खीमवर टीप लिहितो आणि परीक्षा संपली की विषयही संपतो. दुसऱ्या बाजूला गावातल्या पोलीस ठाण्यात शिपाई रात्रपाळीच्या गस्तीला निघतो, पहाटे परत येऊन वहीत वेळ लिहितो आणि घरी जातो. ही विद्वानांची नावे त्याच्या कानावर कधी पडत नाहीत. या दोघांच्या कामाचा एकमेकांशी संबंध आहे काय, आणि असल्यास तो कसा जुळतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मी आपल्याच महाविद्यालयाचा, समाजशास्त्र विभागाचा माजी विद्यार्थी. नोकरीच्या निमित्ताने सिल्वासाला येऊन स्थायिक झालो. इथले जुने लोक या गावाला सेलवास म्हणतात. दादरा-नगर हवेली हा मुलूख १९५४ साली पोर्तुगीजांच्या ताब्यातून मुक्त झाला. त्या लढ्याचा आरंभ २१-२२ जुलैच्या रात्री दादऱ्याची पोलीस चौकी घेण्यापासून झाला आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. त्यात सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे, राजा वाकणकर अशी मराठी मंडळी होती, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेलच. १९६१ साली हा प्रदेश भारतात विधिवत विलीन झाला, तेव्हा त्याची लोकसंख्या ५७,९६३ होती. २०११ च्या जनगणनेत ती ३,४३,७०९ भरली. पन्नास वर्षांत जवळजवळ सहापट! आणि दर हजार पुरुषांमागे स्त्रिया अवघ्या ७७४. याचा अर्थ उघड आहे. कारखान्यांत कामाला आलेला पुरुष घर गावी ठेवून एकटा आलेला आहे. जिथे शेजाऱ्याला शेजाऱ्याचे नाव ठाऊक नाही, तिथे पोलिसाने माणसे ओळखावयाची कशी? पुस्तकातला प्रश्न मला इथे आल्यावर असा जवळचा वाटू लागला.

बोटांवरची चक्रे आणि १०२४ कप्पे

संशोधन रोजच्या कामात कसे उतरते, याचे उत्तम उदाहरण आपल्याच देशातले आहे. बोटांच्या ठशांवर विलायतेत फ्रान्सिस गाल्टन याने शास्त्रीय अभ्यास केला व १८९२ साली ग्रंथ लिहिला. दोन माणसांचे ठसे सारखे नसतात आणि माणसाचा ठसा जन्मभर बदलत नाही, हे त्याने दाखवून दिले. परंतु एवढ्याने पोलिसांचे काम भागत नव्हते. ठाण्यात हजारो गुन्हेगारांच्या ठशांचे कागद जमले आणि नवा माणूस पकडून आणला, तर त्याचा जुना कागद त्या ढिगातून शोधावयाचा कसा?

हा पेच कलकत्त्यास सुटला. बंगालचे पोलीस प्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस हे दोन भारतीय अधिकारी काम करीत होते. त्यांनी घातलेली रीत अशी. आपल्याकडे आजीबाई मुलाच्या बोटांवर चक्र आहे की शंख आहे, हे पाहतात. इथेही तेच पाहावयाचे. दहा बोटांच्या पाच जोड्या करावयाच्या. पहिल्या जोडीत चक्र असल्यास १६ गुण, दुसरीत ८, तिसरीत ४, चौथीत २ आणि पाचवीत १. चक्र नसल्यास शून्य. प्रत्येक जोडीतील एका बोटाचे गुण अंशात आणि दुसऱ्याचे छेदात मिळवावयाचे व दोहोंत एकेक अधिक करावयाचा. एकाही बोटावर चक्र नसेल तर अपूर्णांक १/१ येतो, दहाही बोटांवर असेल तर ३२/३२. केवळ उजव्या अंगठ्यावर चक्र असेल तर १/१७. म्हणजे एकूण ३२ गुणिले ३२, अर्थात १०२४ प्रकार झाले. भिंतीशी तितक्या कप्प्यांचे कपाट उभे केले की काम झाले. कारकून अपूर्णांक काढतो, त्या कप्प्याशी जातो आणि हजारो कागदांऐवजी मोजके कागद चाळतो.

१८९७ साली कलकत्त्यास या रीतीने चालणारे ठसे कार्यालय उघडले. ते जगातले पहिले. स्कॉटलंड यार्डाने ही रीत १९०१ साली उचलली. १८९९ साली आपल्या पुराव्याच्या कायद्यात ठशांच्या तज्ज्ञाचे मत ग्राह्य धरण्याची दुरुस्तीही झाली. रीतीला नाव मात्र हेन्रीचे राहिले.

याआधी फ्रान्समधील बर्तियों याची शरीराची मापे घेण्याची पद्धत प्रचारात होती. तीही शास्त्रीयच होती. पण मापे घेणाऱ्याचा हात जरा इकडे-तिकडे झाला की आकडे बदलत आणि उपकरणेही महाग पडत. ठशाला शाई आणि कागद पुरे. बेताचे शिक्षण झालेल्या शिपायालाही तो घेता येई. गाल्टनचा शोध पोलिसांच्या हाती आला तो या शाई, कागद आणि कप्प्यांच्या वाटेने. संशोधनाला कामाचे रूप देणारा मधला कारागीर लागतो, हा या उदाहरणाचा पहिला धडा.

गस्तीने काय साधते?

दुसरे उदाहरण अमेरिकेतले. पोलिसांची गाडी रस्त्यावरून सतत फिरत राहिली की गुन्हे कमी होतात, ही समजूत सर्वत्र रूढ आहे. १९७२-७३ साली कॅन्सस सिटी या शहरात तिची परीक्षा घेण्यात आली. शहराच्या एका भागातील १५ बिटांचे तीन गट केले. पाच बिटांत नेहमीची गस्त ठेवली, पाचांत ती दुपटी-तिपटीने वाढवली आणि उरलेल्या पाचांत नेहमीची गस्त बंद केली. तिथे बोलावणे आले तरच पोलीस जात. वर्षभराने पाहिले तर तिन्ही गटांत गुन्ह्यांच्या किंवा लोकांच्या भीतीच्या प्रमाणात लक्षात घेण्याजोगा फरक आढळला नाही.

मग गस्त निरुपयोगी म्हणावयाची काय? तसे नव्हे. पुढे १९८९ साली लॉरेन्स शर्मन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मिनियापोलिस शहरातील पोलिसांना आलेल्या बोलावण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शहरातल्या सुमारे ३ टक्के ठिकाणांहून निम्मी बोलावणी येत होती! गुन्हा शहरभर सारखा पसरलेला नसतो. तो काही नाक्यांवर, काही गुत्त्यांपाशी, काही गल्ल्यांत साचतो. तेव्हा गस्त सगळीकडे पातळ करून शिंपडण्यापेक्षा जिथे पाणी साचते तिथे लक्ष द्यावे, असा त्याचा व्यवहारी अर्थ झाला. आशुतोष वार्ष्णेय यांनी १९५० ते १९९५ या काळातील आपल्या देशातील हिंदु-मुस्लिम दंग्यांचा अभ्यास केला, त्यातही हेच दिसून आले. दंग्यांतील मृत्यूंपैकी सुमारे ४६ टक्के मृत्यू अवघ्या आठ शहरांतले होते, आणि खेडेगावांतले ४ टक्केही नव्हते.

भिवंडीचा धडा

आता आपल्या जवळचे उदाहरण घेऊ. सिल्वासातील कारखान्यांत पॉलिएस्टरचा धागा निघतो. त्यातला काही धागा मुंबई-अहमदाबाद महामार्गाने भिवंडीला जातो आणि तिथल्या यंत्रमागांवर चढतो. दोन्ही गावे परप्रांतीय मजुरांच्या घामावर उभी आहेत. म्हणून भिवंडीचा अनुभव मला विशेष बोलका वाटतो.

७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी भिवंडीत दंगल पेटली. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने तिची आणि त्याच वेळच्या जळगाव व महाड येथील दंगलींची चौकशी केली. १९७५ साली सविस्तर अहवाल सादर झाला. तेढ कशी वाढत गेली, जातीय संघटनांनी काय केले, पोलिसांचे कुठे चुकले आणि तपासात पक्षपात कसा झाला, हे त्यात नोंदलेले आहे. दंगलीचा इतका बारकाईने केलेला अभ्यास आपल्याकडे विरळाच. तरीही मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली. ती आग ठाणे-मुंबईपर्यंत पोचली आणि दोनशेहून अधिक माणसे प्राणाला मुकली. अहवाल होता, पण त्याचे रोजचे काम झालेले नव्हते.

१९८८ साली सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. त्यांनी मोहल्ला समित्यांचा प्रयोग सुरू केला. गावाचे लहान लहान भाग पाडून सुमारे सत्तर समित्या स्थापन झाल्या. प्रत्येक समितीत त्याच मोहल्ल्यातले हिंदू आणि मुसलमान रहिवासी बरोबरीने घेतले आणि त्या भागाचा पोलीस अधिकारी समितीला जोडून दिला. बैठका दंगल झाल्यावर भरणाऱ्या शांतता समित्यांसारख्या नव्हत्या. काहीही घडलेले नसताना त्या नेमाने भरत. विषय तरी कोणते? नळाचे पाणी, कचरा, भाडेकरूचे भांडण, ध्वनिक्षेपकाचा आवाज. पण या किरकोळ विषयांतून शिपायाला माणसांची नावे कळली, माणसांना शिपायाचे नाव कळले, आणि अफवा आली की ती खरी की खोटी हे विचारावयास एक दार तयार झाले.

६ डिसेंबर १९९२ नंतर त्याची परीक्षा झाली. मुंबईत डिसेंबर आणि जानेवारीतील दंगलींत सुमारे ९०० माणसे मेली, हे न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात नमूद आहे. ज्या भिवंडीचे नाव काढताच लोक दंगल आठवत, ती भिवंडी त्या दोन महिन्यांत शांत राहिली. विशेष म्हणजे खोपडे तेव्हा तिथे नव्हते. त्यांच्या जागी आलेले गुलाबराव पोळ यांनी समित्या चालू ठेवल्या होत्या. चांगला अधिकारी बदलून गेला की त्याचा उपक्रमही त्याच्याबरोबर जातो, हा आपला नेहमीचा अनुभव. भिवंडीत तसे झाले नाही. पुढे मुंबईतही सतीश साहनी, ज्युलियो रिबेरो, सुशोभा बर्वे आदींच्या पुढाकाराने मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली. वार्ष्णेय यांच्या २००२ सालच्या ग्रंथात भिवंडीचा दाखला आला आहे. इथे व्यवहार आधी झाला आणि विद्वानांनी त्याचा अभ्यास मागाहून केला, हेही लक्षात घ्यावे.

चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जुलै २००६ मध्ये याच भिवंडीत पोलीस ठाण्याच्या नियोजित बांधकामावरून वाद पेटला. गोळीबारात दोन नागरिक आणि जमावाच्या हल्ल्यात दोन पोलीस शिपाई मरण पावले. तो वाद दोन समाजांतला नव्हता, तो वस्ती आणि पोलीस यांच्यातला होता. ज्या नात्यावर सगळी इमारत उभी होती तेच नाते तुटले की काय होते, हे त्यावरून दिसते. असे काम एकदा करून संपत नाही, ते पाणी भरण्यासारखे रोज करावे लागते.

राजस्थानातील प्रयोग

ते रोज कसे करवून घ्यावयाचे? या प्रश्नाचे काही उत्तर राजस्थानात मिळते. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी राजस्थान पोलिसांबरोबर तिथल्या दीडशेहून अधिक ठाण्यांत सुधारणांचे प्रयोग केले. बदल्या काही काळ थांबवणे, शिपायांना प्रशिक्षण देणे, साप्ताहिक सुट्टी देणे, कामाची पाळी फिरती ठेवणे आणि ठाण्यात गावकरी निरीक्षक बसवणे अशा त्या सुधारणा. यांपैकी बदल्या थांबवणे आणि प्रशिक्षण या दोहोंचा चांगला परिणाम दिसला. उरलेल्या तिन्हींचा ठोस परिणाम आढळला नाही. कारण मनोरंजक आहे. पहिल्या दोन गोष्टी वरून आदेश निघताच होऊन गेल्या. उरलेल्या तीन गोष्टी ठाण्याच्या पातळीवर रोज कोणीतरी मनावर घेऊन कराव्या लागत होत्या, आणि मधल्या अधिकाऱ्यांनी त्या हळूहळू सोडून दिल्या.

त्याच राज्यात मद्यपी वाहनचालकांविरुद्ध केलेल्या नाकाबंदीचीही परीक्षा झाली. एकाच जागी रोज नाका लावला तर फरक पडत नव्हता, कारण चालक आडवाटेने जात. जागा बदलत राहिल्यावर मात्र रात्रीचे अपघात १७ टक्क्यांनी आणि रात्रीच्या अपघातांतील मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. मनुष्यबळ तेच, रस्ते तेच. बदल केवळ आज नाका कुठे लावावयाचा एवढाच.

आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांना कर्नाटकातील सुधारित बीट पद्धत परिचित असेल. ठाण्याच्या हद्दीचे भाग पाडून एकेका शिपायाकडे एकेक भाग सोपवण्याची ही व्यवस्था २०१७ साली तिथे सुरू झाली. तिच्या मुळाशीही हाच विचार आहे. ज्ञान ठाण्याच्या कपाटात राहू नये, ते एका ओळखीच्या माणसाच्या डोक्यात आणि वहीत असावे.

उलट बाजू

इथे वाचकाच्या मनात शंका येईल. संशोधनाचे रोजच्या पोलीसकामात रूपांतर झाले म्हणजे ते नेहमी हिताचेच असते काय? याचे उत्तर सोलापूर, हुबळी आणि गदग या गावांनी पाहिले आहे. काही जमाती जन्मतःच गुन्हेगार असतात, असा सिद्धांत त्या काळी शास्त्र म्हणून मिरवत होता. त्यावर १८७१ सालचा गुन्हेगार जमाती कायदा उभा राहिला व पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. पारधी, कैकाडी, भामटे इत्यादी जमातींच्या कुटुंबांना वसाहतींत डांबले. सोलापुरात त्या वसाहतीभोवती तारेचे कुंपण होते. माणसांची हजेरी रोज घेतली जाई. बोटांचे ठसेही घेतले जात. वही होती, कप्पे होते, शिपाई होता, नेम होता. वर सांगितलेल्या चांगल्या उदाहरणांत जे जे होते ते सारे इथेही होते. खोटा होता तो मुळातला सिद्धांत.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि त्या जमाती विमुक्त म्हणवल्या गेल्या. पण कायदा एका दिवसात रद्द होतो, सवय तशी जात नाही. चोरी झाली की आधी पारध्याच्या पालावर जाण्याची खोड पुढे कित्येक वर्षे राहिली, हे मराठी वाचकाला निराळे सांगावयास नको. म्हणून कुठल्याही संशोधनाला पोलीसकामात आणताना दोन प्रश्न विचारावे लागतात. हे जागेविषयी व वेळेविषयी बोलते, की माणसाच्या जातीविषयी? आणि ते चुकले तर चूक लक्षात येण्याची सोय कुठे आहे?

सिल्वासापुरता विचार

या साऱ्याचा माझ्या गावाला काय उपयोग? पहिली गोष्ट, इथली भूमीच विचित्र आहे. दादरा हा नगर हवेलीपासून तुटलेला तुकडा. गुजरातचे मघवाल गाव नगर हवेलीच्या पोटात. थोडे चालले की गुजरात, दुसरीकडे चालले की महाराष्ट्र. २०२० पासून दमण व दीव यांच्यासह एकच केंद्रशासित प्रदेश झाला आहे. गुन्हा हद्द पाळत नाही, वही मात्र पाळते. शेजारच्या ठाण्यांच्या नोंदी एकत्र मांडल्याखेरीज इथल्या गुन्ह्याचा नकाशा पुरा होणार नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. हे पाळ्यांवर चालणारे गाव आहे. पाळी सुटण्याच्या वेळी, पगाराच्या आठवड्यात, अंधाऱ्या आडवाटांवर वाटमारी अधिक होते काय? मी होते असे म्हणत नाही. ठाण्याच्या नोंदी तारीख आणि तासवार लावल्या तर उत्तर मिळेल, आणि ते मिळाल्यावर गस्त कुठे व केव्हा ठेवावयाची हे आपोआप ठरेल.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे नोंदलेल्या गुन्ह्यांचेच असतात. ज्याची फिर्याद झाली नाही तो गुन्हा आकड्यांत नाही. ओडिशातून किंवा बिहारमधून आलेल्या मजुराचा मोबाईल आणि पगाराचे पैसे गेले, तर ठाण्यात जाण्यासाठी त्याला दिवसाची मजुरी सोडावी लागते. भाषा अडते. खोली दुसऱ्याच्या नावावर असते. त्याने फिर्याद न केल्यास कागदावर गाव शांत दिसते. आमच्या आसपासचे वारली, कोकणा बांधवही कचेरीची पायरी चढताना बिचकतात. मध्य प्रदेशात १८० ठाण्यांत स्त्रियांसाठी साहाय्य कक्षांचा प्रयोग झाला व २०२२ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. कक्ष उघडल्यावर स्त्रियांच्या तक्रारींची नोंद वाढली. आकडा वाढला म्हणून गुन्हा वाढला असे तिथे कोणी समजले नाही, बंद दार उघडले असे समजले. मजुरांच्या बाबतीतही हीच दृष्टी हवी.

भाडेकरूंची माहिती भरून घेण्याची पद्धत सर्वत्र आहे. तिचे हजेरीत रूपांतर व्हावयाचे की ओळखीत, हे चाळीत बसणाऱ्या बैठकीवर अवलंबून आहे. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, चाळीच्या ओट्यावर, हिंदी, ओडिया, वारली अशा कुठल्याही भाषेत बोलू शकणारे दोघे-तिघे आणि त्यांचा ठरलेला शिपाई नेमाने बसले, तर भिवंडीचा धडा इथे उतरवता येईल. त्याला नवा कायदा नको, मोठा खर्चही नको. राजस्थानचा अनुभव ध्यानात ठेवून एवढे मात्र हवे की बैठक झाली की नाही हे वरचा अधिकारी दर महिन्याला विचारील, आणि शिपायाची बदली लवकर होणार नाही.

शेवटी विद्यार्थी मित्रांना एक सूचना. या विषयाचा अभ्यास करण्यासाठी ठाण्यातल्या गोपनीय कागदांची गरज नाही. आपल्या गावाचा नकाशा घ्यावा. वर्षभराच्या स्थानिक वर्तमानपत्रांत आलेले रस्त्यावरचे अपघात त्यावर जागा आणि वेळ लिहून टिंबांनी दाखवावेत. टिंबे कुठे दाटतात ते पाहावे, त्या जागी चार वेळा उभे राहून दिवा, वळण, गुत्ता, बसथांबा काय आहे ते लिहून काढावे, आणि तो कागद आपल्या ठाण्याच्या अधिकाऱ्यांना नेऊन दाखवावा. प्राध्यापकांनी हे काम प्रकल्प म्हणून दिल्यास समाजशास्त्राच्या पेपराला जीव येईल. मराठी आणि कन्नड अशा दोन्ही विभागांतील विद्यार्थ्यांनी मिळून ते केल्यास अधिक उत्तम, कारण आपल्या भागातली टिंबे दोन्ही भाषांच्या वर्तमानपत्रांत विखुरलेली आहेत.